युद्धाचा बडग्या

रात्री १२

धड तयार आहे, डोकं नाही. दर साली हेच होतं. मंडळाची पोरं धड आधीच बांधून ठेवतात. बांबूच्या कमच्या, सुतळी, आत तणस, वरून पोती आणि कोणाच्या तरी आजीचं जुनं लुगडं. डोक्यावर मात्र शेवटच्या रात्रीपर्यंत एकमत होत नाही, कारण बडग्या कोणाचा हे डोक्यावरून ठरतं. खालचं धड कोणालाही चालतं.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. घर चितारओळीत, त्यामुळे श्रावण उतरणीला लागला की शाळा सुटल्यानंतरचा सगळा वेळ मूर्तींचा. या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, गणपती २७ ऑगस्टला बसतात आणि आता २२ तारीख संपून २३ लागते आहे. घरी रंगाला थांबलेल्या मूर्तींची रांग आहे. तरी मी इतवारीतल्या या बोळात टिनाच्या शेडखाली पोरांच्या मधे बसलो आहे, कारण सकाळी मारबत आहे आणि नागपुरात मारबतीला नाही म्हणता येत नाही.

विदर्भाबाहेरच्यांसाठी थोडक्यात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची मिरवणूक निघते. मारबत म्हणजे बांबू-कागदाचा बाईचा अवाढव्य पुतळा. तिच्या मागेपुढे पुरुषांचे पुतळे, ते बडगे. गावावरची रोगराई, इडापिडा त्यांच्या माथी मारायची, 'घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडायचं आणि नेऊन जाळायचं. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. पिवळी तऱ्हाणे तेली समाजाची, जागनाथ बुधवारीतली. मारबतींचं रूप ठरलेलं आहे. बडग्याचं नाही. तो त्या त्या वर्षाचा असतो. महागाईचा, खड्ड्यांचा, भ्रष्टाचाराचा, डेंग्यूचा. ज्या वर्षी टीव्हीवर युद्ध झालं त्या वर्षी युद्धाचा.

यंदा झालं, मे महिन्यात, पाकिस्तानशी.

रात्री १

मंडळात तीन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, पाकिस्तानचा जनरल करा. लढाई थांबून दहा दिवस होत नाहीत तोच, २० मेला, त्याला फील्ड मार्शल केलं. याहून तयार विषय कोणता? धडाला वर्दी शिवून झालीच आहे. दुसरा म्हणतो, ट्रम्प करा. ७ ऑगस्टपासून २५ टक्के आयात शुल्क लावलं, आणखी २५ टक्के नेमकं गणपती बसायच्या दिवसापासून लावतो आहे, वर लढाई मीच थांबवली म्हणून जगभर सांगत सुटला आहे. पण ट्रम्प दुसरीकडे होतो आहे हे सगळ्यांच्या कानावर आलेलं, आणि मारबतीत दुसऱ्यासारखा बडग्या काढणं यासारखी नामुष्की नाही.

तिसरा पक्ष एकट्या पोराचा. तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो.

"सर, मे महिन्यात आपल्याले सगळ्यात जास्त भेव कोनं दाखवलं?"

"कोनं?"

"टीव्हीनं. मंग बडग्या टीव्हीचाच पाह्यजे."

"टीव्हीले कोन ओळखन बे? त्याले काय नाक असते?"

यावर बराच वेळ गेला. शेवटी वर्दीचं कापड वाया जाऊ नये म्हणून धड जनरलचं आणि डोकं टीव्हीचं असं ठरलं. पडद्यातून तोंड बाहेर आलेलं, जिभेच्या जागी क्षेपणास्त्र. मला विचाराल तर नुसत्या जनरलपेक्षा हे चांगलं शिल्प होणार आहे. कापडाच्या हिशेबातून ते निघालं याचं मला वाईट वाटत नाही. बरेच चांगले बडगे असेच जन्माला येतात.

रात्री २

डोक्याला कागद लागतो. रद्दीचा गठ्ठा सोडला तर नेमका एप्रिल-मेचा निघाला. पोरं पट्ट्या फाडतात, मी त्या मैद्याच्या खळीत बुडवून कमच्यांच्या सांगाड्यावर बसवतो. एक थर आडवा, एक उभा, मधे वाळवायला टेबलफॅन. हात कामात, डोळे मथळ्यांवर. पहलगामचा हल्ला, २६ माणसं. ७ मेची पहाट, 'ऑपरेशन सिंदूर'. १० मेचा शस्त्रविराम. मधल्या दिवसांच्या पानांवरची अक्षरं सगळ्यात जाड, म्हणून तीच गालासाठी घेतली. जाड अक्षरांच्या पानाला शाई जास्त असते, पण पट्टी मोठी मिळते.

८ मेची रात्र इथल्या प्रत्येकाला आठवते. काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगून टाकलं. आमच्या ओळीत लोक घराबाहेर येऊन उभे होते. एकाने फटाक्यांची लड काढून ठेवली होती. सकाळी कराची बंदर होतं तिथेच होतं. त्या दिवसांत फोनवर फिरलेल्या कितीतरी दृश्यांतली विमानं आणि रात्रीच्या आकाशात धावणाऱ्या उजेडाच्या रेषा 'आर्मा ३' नावाच्या व्हिडिओ गेममधल्या निघाल्या. युक्रेनच्या वेळी आणि गाझाच्या वेळीही हाच खेळ खरं युद्ध म्हणून खपला होता. हे मी पोरांना सांगत नाही, पोरंच मला सांगतात. त्यांच्यातल्या दोघांनी तो खेळलेला आहे. खोटं ओळखता येतं त्यांना, तरी त्या रात्री तेही बाहेर उभे होते.

छापील कागदाचं एक बरं असतं. त्यावरचं चुकीचं दुसऱ्या दिवशीही तसंच दिसतं. टीव्हीचा लगदा करता येत नाही.

लगदा हाताला लागला की मला शिल्पकार सोमनाथ होर आठवतात. त्यांच्या 'जखमा' मालिकेची चित्रं मी शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकताना पुस्तकात पाहिली, आणि पुस्तकात ती नीट दिसतही नाहीत, कारण ती पांढऱ्यावर पांढरी आहेत. माणसाने १९४३ चा बंगालचा दुष्काळ पाहिलेला. पुढे सत्तरच्या दशकात बांगलादेशचं युद्ध, व्हिएतनाम, कलकत्त्यातले खून हे सगळं भोवती. तेव्हा त्यांनी काय केलं, तर मातीच्या पाटावर सुरीने घाव घातले, त्याचा साचा काढला आणि साच्यात कागदाचा ओला लगदा दाबला. वाळल्यावर कागदालाच जखम झालेली. त्यात चेहरा नाही, झेंडा नाही, कोणाच्या बाजूची जखम तेही नाही. व्हिएतनाममधल्या लोकांसाठी त्यांनी आई आणि मूल असं एक ब्राँझही केलं होतं. १९७७ मध्ये ते पूर्ण झालं आणि लगेच शांतिनिकेतनच्या कलाभवनातून चोरीला गेलं.

बडगे करणाऱ्याला होरांचा रस्ता बंद आहे. नुसती जखम घेऊन मिरवणुकीत नेहरू पुतळ्यापाशी गेलो तर लोक विचारतील, हा कोन जी? मिरवणुकीतल्या शिल्पाला शंभर फुटांवरून, ढोलाच्या आवाजात, धक्काबुक्कीत ओळखता यावं लागतं. म्हणून बडग्याला शत्रू लागतो. ही या कलेची ताकद आहे आणि तिचा तोटाही तोच आहे.

पहाटे ४

पडद्यात डोळे कोणाचे, यावर पुन्हा भांडण. वर्दीवाल्या पक्षाचं म्हणणं, निदान डोळे तरी जनरलचे पाहिजेत. एकाने फोन समोर धरला. शेकडो फोटो, आणि सगळे एकच. समोरून, टोपीखाली, खालच्या कोनातून. मला कान पाहिजे, मानेची मागची रेषा पाहिजे, हनुवटीखालचा भाग पाहिजे. नाहीच. बातमीतल्या माणसाला मागची बाजू नसते. घडवणाऱ्याला ती करावीच लागते, कारण मिरवणुकीत अर्धे लोक बडग्याला पाठीमागूनच पाहतात.

"मागं आपल्याले काढा," पोरं हसत म्हणाली. "सोफ्यावर."

काढलं. टीव्हीच्या पाठीवर सोफा, सोफ्यावर बनियानमधला माणूस, एका हातात रिमोट, दुसऱ्यात चिवड्याची प्लेट. पोट मुद्दाम मोठं केलं. डोळे शेवटी कोणाचेच केले नाहीत, नुसते वटारलेले केले.

चेहऱ्याबद्दल बोलायचं तर आमच्या गावात या सगळ्याची सुरुवात काळ्या मारबतीपासून होते. सांगतात की ती म्हणजे बाकाबाई. दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी, इंग्रजांना मिळाली, राज्य घालवलं, म्हणून तिला काळं करून दर वर्षी जाळायचं. शाळेत असताना मला हे पटलेलं होतं. पुढे इतिहास वाचताना अडखळायला झालं. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली, आप्पासाहेब भोसले हरले, पुढच्या वर्षी पदच्युत झाले. मग गादीवर बसवलेल्या लहान तिसऱ्या रघुजीच्या वतीने कारभार पाहिला तो बाकाबाईने, इंग्रज रेसिडेंटच्या सावलीत. तो रघुजी १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक गेला आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूर खालसा केलं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल मातीमोल भावाने लिलावात गेले. सामान बाहेर काढलं तर वाड्याला आग लावीन, असं म्हाताऱ्या बाकाबाईने धमकावल्याचं जॉन के या इंग्रज इतिहासकारानेच लिहून ठेवलं आहे. आणि १८५७ मध्ये, इंग्रजांच्या टाकळीच्या घोडदळात उठावाची कुजबुज झाली तेव्हा, आपल्या माणसांना त्यापासून दूर ठेवणारीही हीच बाकाबाई.

म्हणजे वाडा जाळीन म्हणणारी आणि उठाव नको म्हणणारी एकच बाई. पुतळ्यात यातलं एकच मावतं. ती १८५८ मध्ये वारली, काळी मारबत निघाली तिच्यानंतर जवळपास दोन तपांनी. तेव्हा टीव्ही नव्हता, बाजारगप्पा होत्या, आणि बाजारगप्पांनी एक चेहरा निवडला. तो आज दीडशे वर्षांच्या घरात आला आहे. म्हणून मी पोरांना चेहऱ्याच्या बाबतीत घाई करू देत नाही. त्यांना वाटतं मास्तरचा हा नेहमीचा चिवटपणा.

सकाळी ६

उजाडलं. दारोदार पळसाच्या फांद्या लागल्या आहेत. आमच्याकडे त्यांना मेढे म्हणतात. खेड्यात या वेळी पोरं पळस घेऊन वेशीकडे ओरडत जातात. शहरात एवढं उरलं आहे. कोपऱ्यावर तर्री पोहे मिळाले. तर्री तिखट असली की झोप उडते, एवढाच तिचा आज उपयोग.

पोहे खाताना एकजण म्हणाला, त्याचा काका अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आहे आणि मे महिन्यात काकाला सुट्टीच नव्हती. इथे मी थोडा थांबतो, कारण बडग्यांच्या गोष्टीत ही बाजू कधी येत नाही. आम्ही युद्ध टीव्हीवर पाहतो आणि फोटोवरून घडवतो, जसं काही ते दूर काश्मिरात किंवा कीवमध्ये चाललं आहे. पण त्यातला बराच माल आमच्या अवतीभवती बनतो. अंबाझरीत तोफगोळ्यांची आणि पिनाका रॉकेटची कवचं होतात. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला स्फोटकं, भद्रावतीला दारूगोळा भरायचं काम. वर्धा जिल्ह्यात पुलगावला लष्कराचं प्रचंड दारूगोळा भांडार. नागास्त्र-१ हे जाऊन आदळणारं ड्रोन नागपूरचंच. २०२४ च्या जूनमध्ये पहिली १२० लष्कराच्या हाती पडली. कामठीला गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर, शहरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय.

आणि माणसंही इथेच गेली. पुलगावला २०१६ च्या ३१ मेला मध्यरात्रीनंतर आग लागली, दोन लष्करी अधिकारी आणि आग विझवायला गेलेले जवान त्यात गेले. बाजारगावजवळच्या स्फोटकांच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ ला नऊ कामगार गेले, त्यात सहा बायका. जवाहरनगरला यंदाच्याच २४ जानेवारीला आठ. वर्तमानपत्रांनी छापलं, टीव्हीने दोन दिवस छत उडालेली इमारत दाखवली. बडग्या काही निघाला नाही, निदान माझ्या पाहण्यात नाही. कोणाचा काढणार? या मरणाला चेहरा नाही आणि पलीकडचा शत्रूही नाही.

साडेसात

डोकं वाळतंय तोवर घरी आलो. आंघोळ, चहा, आईने राखून ठेवलेली कालची पुरणपोळी. ओट्यावर आधीच एका गणेश मंडळाचे दोघे बसलेले. यांचा देखावा 'ऑपरेशन सिंदूर'. पीव्हीसी पाइपचं ब्रह्मोस क्षेपणास्त्र झालं आहे, रंग बाकी. गणपतीच्या मागे पडद्यावर स्फोट दाखवायचे आहेत. ठीक आहे, १९९९ ला कारगिलच्या वर्षी मीही हौसेने बर्फाचे डोंगर केले होते. कारगिल हे आपण घरात बसून टीव्हीवर पाहिलेलं पहिलं युद्ध, आणि त्या साली प्रत्येक चौकातल्या मंडपात तोच डोंगर होता.

पण यांना आणखी एक पाहिजे. पहलगामच्या त्या फोटोतली, नवऱ्याच्या देहापाशी बसलेली बाई.

मी नाही म्हटलं.

"काऊन जी सर? सगळ्यांनी पाह्यलेला फोटो आहे."

म्हणूनच नाही. त्या फोटोचं कार्टूनही झालं होतं तेव्हा, गोड डोळ्यांचं, यंत्राने काढलेलं, आणि लोकांनी ते पुढे पाठवलं होतं. फोटोवरून दुःख घडवता येत नाही असं माझं म्हणणं नाही. १९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलीत वर्तमानपत्रात आलेल्या एका फोटोवरून, रस्त्यात पडलेल्या एका अनामिक मृतदेहाच्या फोटोवरून, चित्रकार विवान सुंदरम यांनी 'मेमोरियल' हे अख्खं मांडणीशिल्प उभं केलं. त्यांनी काय केलं, तर त्या माणसाला फोटोतून बाहेर काढून नीट निजवलं, त्याला मयताचा मान दिला. त्याच सुंदरम यांनी १९९१ च्या आखाती युद्धावर इंजिन ऑइल आणि कोळशाने कागदावर काम केलं. टीव्हीवरचं ते युद्ध हिरव्या उजेडाचं आणि स्वच्छ दिसत होतं, यांचे कागद तेलकट. तसं काही तुम्हाला पाहिजे असेल तर सांगा, मी करतो. पण ती बाई जिवंत आहे, तिला न विचारता तिला मंडपात बसवून वर दिव्यांची माळ सोडायची, आरतीला टाळ्या वाजवायच्या, हे माझ्या हातून होणार नाही.

ते उठले. दुसरा कारागीर शोधतील, मिळेलही. ब्रह्मोसचे पैसे मात्र देऊन गेले.

९ वाजता

डोकं धडावर चढवणं हे सगळ्यात अवघड काम, आणि त्याबद्दल लिहिण्यासारखं सगळ्यात कमी. शिडी, दोर, शिव्या. टीव्ही डावीकडे कलला. राहू दिला, बरा दिसतो.

मग आवाजाचा प्रश्न. बोलेरोवरच्या भोंग्यातून पोरांना हवाई हल्ल्याचा सायरन लावायचा होता, मधे मधे निवेदकाचं किंचाळणं. १० मेला सरकारने वाहिन्यांना कळवलं होतं की नागरी संरक्षणाचा सायरन कार्यक्रमात वाजवू नका, लोकांना त्याची सवय होईल आणि खरा वाजेल तेव्हा कोणी उठणार नाही. सूचना वाहिन्यांसाठी होती, बडग्यांसाठी नाही. तरी मी ती सांगितली. एक म्हणाला, "सर, आपण तं टीव्हीची नक्कल करून रायलो, मंग सायरन तं पाह्यजेच." मुद्दा बरोबर होता. शेवटी सायरन काढला, किंचाळणं ठेवलं. ते आमच्यातल्याच एकाने रेकॉर्ड केलं, शब्द एकही नीट नाही, आणि ऐकणाऱ्याला कुठे काही कमी वाटत नाही.

पाटी लिहायची होती. पाटीवर काय, यावर पुन्हा वाद होणार म्हणून मी कोणाला न विचारता लिहून टाकलं: 'कराची घेतली, डोकं गेलं.' नंतर सगळ्यांनी आपलीच कल्पना म्हणून सांगितली.

११ ते २

इतवारीत पाय ठेवायला जागा नाही. खिडक्या, गच्च्या, विजेच्या डब्या, सगळीकडे माणसं. ढोल, डीजे, गुलाल. लहान पोरं लाकडी बैल घेऊन आईबापांच्या खांद्यावर. त्यांना संध्याकाळी तान्ह्या पोळ्याला जायचं आहे, बोजारा, म्हणजे घरोघरचे खाऊ-पैसे, गोळा करायचा आहे, पण मारबत सोडवत नाही. तान्हा पोळा आमच्याकडे भोसल्यांनी सुरू केला म्हणतात, आणि त्याच दिवशी भोसल्यांची राणी जाळली जाते. यात कोणाला काही विशेष वाटत नाही.

नेहरू पुतळ्यापाशी काळी आणि पिवळी समोरासमोर आल्या. हा क्षण पाहायला लोक चंद्रपूर-गोंदियाहून येतात. दोन्ही पुतळे डुलतात, गर्दी ओरडते, आणि दोन मिनिटांसाठी डीजेचा आवाजही ऐकू येत नाही.

ट्रम्प आला होता, मोठा, शुल्काच्या पाट्यांसकट. लोकांनी त्याला भरपूर हाणलं. आमच्या टीव्हीचं काय झालं, ते मात्र मला अपेक्षित नव्हतं. लोक जवळ यायचे, पाटी वाचायचे आणि विचारायचे, "हा कोन्या च्यानलचा?" पोरं म्हणायची, "तुमी कोनता पाहता?" मग माणूस हसून आपल्याला न आवडणाऱ्या वाहिनीचं नाव घ्यायचा आणि पुढे जायचा. प्रत्येकाला दुसऱ्याची वाहिनी दिसली. पाठीवरचा बनियानवाला सगळ्यांना आवडला, त्याच्यासोबत फोटो काढायला रांग लागली. एकालाही तो आपण आहोत असं वाटलं नसावं. शिल्प फसलं म्हणायचं की जमलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एका वाहिनीचा तरुण वार्ताहर कॅमेरेवाल्याला घेऊन आला. बडग्याकडे पाहिलं, माइकवरच्या नावाच्या डब्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "भाऊ, आमची नाही ना?" नाही म्हटल्यावर मोकळा हसला. मग त्याने गर्दीला ओरडायला सांगितलं, पहिल्यांदा जमलं नाही म्हणून परत ओरडायला सांगितलं. युद्ध कसं दाखवलं जातं यावर केलेला बडग्या कसा दाखवायचा, हे तो आम्हाला नीट शिकवून गेला. रात्रीच्या बातमीत बडगे दिसले, ट्रम्पचे. आमचा नाही.

५ वाजता

पिवळी मारबत नाईक तलावाकडे गेली. आमचा बडग्या आम्ही मोकळ्या जागेत नेला. तणस कोरडं असलं की पाच-सात मिनिटं पुरतात. आधी लुगडं, मग वर्दी, टीव्हीचं डोकं सगळ्यात शेवटी, कारण खळीचे थर जाड होते. एप्रिल-मेची पानं एकेक सुटून वर गेली. थर्माकोल वापरलं नव्हतं, त्यामुळे धूर तरी बरा होता. राज्यात २०१८ पासून बंदी असूनही काही मंडळं वापरतात आणि मग नाक धरून उभी राहतात.

आग पाहताना मला मायकेल राकोविट्झ या इराकी वंशाच्या अमेरिकन शिल्पकाराची आठवण झाली. २००३ च्या युद्धात बगदादचं राष्ट्रीय संग्रहालय लुटलं गेलं. हजारो वस्तू गेल्या. हा माणूस २००७ पासून त्या एकेक वस्तू पुन्हा करतो आहे, आणि करतो कशाच्या, तर अरबी वर्तमानपत्रांच्या आणि खाऊच्या रिकाम्या पाकिटांच्या. २०१८ मध्ये लंडनच्या ट्राफल्गार चौकात त्याने निनेव्हचा पंखवाला बैल उभा केला, खजुराच्या पाकाच्या साडेदहा हजार डब्यांचा. मूळ बैल इस्लामिक स्टेटच्या लोकांनी २०१५ मध्ये फोडला होता. साहित्य आमचंच, रद्दी आणि पाकिटं. तो गेलेलं परत करतो, आम्ही आलेलं जाळतो. मला आमची पद्धत कमी दर्जाची वाटत नाही. भीती घरात ठेवण्यापेक्षा चौकात आणून तिला शिव्या घालणं बरं, आणि शिल्प टिकावं असा आमच्यात कोणाचा हट्ट नाही, हेही मला आवडतं. माझी तक्रार एवढीच आहे की जाळायला काय आणायचं हे आता आम्ही ठरवत नाही. ते फोनवर ठरून येतं, फोटोसकट.

७ वाजता

घरी पोचलो तर मूर्तींना पहिला हात मुलीने मारून ठेवला होता. आता रात्री डोळे. मूर्तीचे डोळे झोपेत करायचे नसतात, म्हणून तासभर पडून घेणार आहे.

त्याआधी इतवारी, महाल, बुधवारीतल्या मंडळांना एक सांगून ठेवतो. पुढच्या वर्षी विषय सुचत नसेल तर बाजारगाव आणि जवाहरनगर आहेत. बाजारगावचे नऊ आणि जवाहरनगरचे आठ, असे सतरा. दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्यांच्या जिवाकडे काणाडोळा करणारा बडग्या काढा. चेहरा कसा असावा ते मिळून ठरवू, वेळ भरपूर आहे. डोकं मी करून देईन, पैसे घेणार नाही. कागद मात्र तुमचा, आणि निरोप निदान पंधरा दिवस आधी द्या.